विजेची गाडी घेण्यापूर्वी

मंडळी, बैलजोडी घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून पाहतो. ओझ्याला किती टिकेल, उन्हात किती दमेल, याचा अंदाज घेतो. बंडी कशी रंगवली आहे, तिला घुंगरे किती आहेत, हे पाहून जोडीचे पैसे कोणी मोजत नाही. मात्र विजेवर चालणारी गाडी घ्यायची वेळ आली की शहाणी माणसेही नेमके हेच करतात. रंग पाहतात, आतला पडदा पाहतात, आणि जाहिरातीतला मोठा आकडा ऐकून बयाणा देऊन येतात. बैल पाहायचा राहून जातो. ह्या गाडीतला बैल म्हणजे तिची बॅटरी. तो कसा पारखावा, हेच आज आपण पाहू.

हल्ली चंद्रपूर-बल्लारपूरच्या रस्त्यावर हिरव्या पाटीच्या गाड्या दिसतात. २०१८ सालापासून विजेवरच्या गाड्यांना हिरवी पाटी देण्यात येते. घरगुती गाडीवर अक्षरे पांढरी असतात, भाड्याच्या गाडीवर पिवळी. अशी गाडी आपल्या दारात असावी असे गोंडपिपरी तालुक्यातल्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला, दुकानदाराला वाटले तर त्यात नवल नाही. पेट्रोलचे भाव सर्वांनाच पोळतात. तेव्हा तीन प्रश्न हमखास विचारले जातात. विजेची गाडी आपल्याला परवडेल का? बॅटरी कोणती आणि केवढी घ्यावी? आणि तिसरा असा, की घरची जुनी पेट्रोलची गाडीच विजेवर करून घेतली तर?

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, गोंडपिपरीला राहणारे एक गुरुजी आहेत. त्यांची शाळा २२ किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन रोजचे ४४ किलोमीटर. महिन्यातून दोनदा चंद्रपूरला जाणे होते. ते अंतर एका बाजूने सुमारे ५० किलोमीटर. कधी वैनगंगा ओलांडून आष्टीकडे, कधी आलापल्लीला पाहुण्यांकडे, म्हणजे एका बाजूने साठेक किलोमीटर. आणि वर्षातून एकदोनदा नागपूर. ते दोनशेच्या घरात. घरी म्हातारी आई आहे, सून पोटुशी आहे. ही शेवटची गोष्ट विसरू नका. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता बॅटरीचे माप. शेरा-पायलीने धान मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. आपल्या मीटरवर जे युनिट फिरते, तेच युनिट गाडीच्या बॅटरीलाही लागू. विक्रेता 'किलोवॅट-अवर' असा शब्द वापरील. तो ऐकून बावरू नका. एक किलोवॅट-अवर म्हणजे एक युनिट. आज बाजारात असलेल्या लहान गाड्यांत १७ ते २५ युनिटांची बॅटरी असते. टाटांची टियागो ही गाडी २०२२ साली विजेवर आली तेव्हा ती दोन बॅटऱ्यांत मिळू लागली, एक १९.२ युनिटांची, दुसरी २४ युनिटांची. २०२३ साली आलेल्या एम. जी. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची होती. मोठ्या गाड्यांत ३० ते ४५ युनिटे किंवा त्याहूनही जास्त असतात.

२४ युनिटांची टियागो एका भरण्यात ३१५ किलोमीटर जाते, असा आकडा ती गाडी निघाली तेव्हा जाहीर झाला. हा आकडा खोटा नव्हे. पण तो काढतात कसा? गाडी चाचणीगृहातल्या फिरत्या रुळांवर चढवतात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी थांबवत-चालवत मोजतात. तिथे खड्डा नसतो, नवतपाचे ऊन नसते, मागच्या आसनावर तीन माणसे आणि डिक्कीत तांदळाचे पोते नसते. आपल्या रस्त्यावर एका युनिटात आठ-नऊ किलोमीटर मिळाले तर चांगले म्हणावे. उन्हाळ्यात वातानुकूल यंत्र चालू ठेवले, गाडी भरलेली असली, वेग ऐंशीच्या वर नेला, की तेच सात होते. म्हणून हिशेब करताना एका युनिटाला ७ किलोमीटर धरा. जास्त मिळाले तर नफा समजा.

आता पुढची गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. आपल्या भागात मोठे दुखणे आले की चंद्रपूर गाठावे लागते. रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या, आणि गाडीचा काटा शेवटच्या खुणेवर असला, तर ती गाडी काय कामाची? पेट्रोलची गाडी असती तर शेजाऱ्याच्या मोटरसायकलमधून दोन लिटर काढून घेता आले असते. वीज अशी उसनी मिळत नाही. पावसाळ्यात तर वादळात झाड पडून तारा तुटल्या की कधीकधी दिवस दिवस दिवे येत नाहीत. म्हणून माझा नियम असा: चंद्रपूरला पोचण्यापुरती वीज गाडीत नेहमी शिल्लक असली पाहिजे. ५० किलोमीटरला सात किलोमीटरच्या हिशेबाने सात युनिटे, वर एक अडीअडचणीला. म्हणजे आठ युनिटे. ही आठ युनिटे आपली नव्हेत असे समजा. ती घरातल्या आजाऱ्याची. रात्री गाडी लावताना जी उरेल ती ह्या रेषेच्या खाली गेलेली असू नये.

हा नियम लावला की कोणती बॅटरी घ्यावी याचे उत्तर आपोआप मिळते. २४ युनिटांतून आठ बाजूला काढली, राहिली सोळा. सोळा सत्ते एकशे बारा. गुरुजींची शाळा ४४ किलोमीटरमध्ये आटोपते, आणि चंद्रपूरची १०० किलोमीटरची फेरी करून आल्यावरही राखीव साठा शाबूत राहतो. १९ युनिटांची बॅटरी घेतली तर हाती अकरा उरतात, म्हणजे ७७ किलोमीटर. शाळा सहज होईल, पण चंद्रपूरला गेल्यावर तिथे घटकाभर चार्ज केल्याशिवाय परतता येणार नाही. मग पंधरा-वीस युनिटे जास्तीची घ्यावीत का? आलापल्ली, अहेरी, सिरोंचा अशी ज्यांची नेहमीची वाट आहे त्यांनी जरूर घ्यावीत. गुरुजींनी मात्र वर्षातल्या एका नागपूरच्या फेरीसाठी लाख-दोन लाखांची बॅटरी रोज ओझ्यासारखी वाहू नये. त्या दिवशी एस. टी. आहे.

येथे आणखी एक बारकावा आहे. बॅटरी म्हातारी होते. दरवर्षी तिची धारणा थोडी थोडी घटते. सात-आठ वर्षांत पाचवा हिस्सा कमी झाला असे धरून चालावे. म्हणजे आज घेतलेली २४ युनिटांची गाडी आठ वर्षांनी १९ युनिटांची होते, आणि १९ ची गाडी पंधराची. आज जी गाडी जेमतेम पुरते ती उद्या पुरणार नाही. अंगरखा शिवताना वाढत्या अंगाचा विचार करतात. येथे घटत्या अंगाचा करायचा.

बॅटरी कशाची आहे हेही विचारा. जुन्या काळापासून आपण पाहत आलो ती शिशाची आणि तेजाबाची. इन्व्हर्टरला, ट्रॅक्टरला तीच असते. स्वस्त असते, पण जड फार. एक युनिट वीज साठवायला शिशाची बॅटरी पंचवीस-तीस किलो वजनाची लागते. चोवीस युनिटांना सहा-सातशे किलो झाले. गाडीपेक्षा बैलच जड! शिवाय रोज पूर्ण रिकामी करून भरली तर दीड-दोन वर्षांत मान टाकते. शहरांतल्या ई-रिक्षावाल्यांना हा अनुभव चांगला ठाऊक आहे. चारचाकीला ती उपयोगाची नाही.

आजच्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तेवढ्याच विजेला तिचे वजन शिशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके. तिच्यातही दोन मुख्य जाती आहेत. एकीत निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट हे धातू असतात. ही हलकी, थोड्या जागेत जास्त वीज मावते. दुसरीत लोह आणि फॉस्फेट. विक्रेते तिला एल. एफ. पी. म्हणतात. ही थोडी जड, पण उन्हाला जास्त सोसते, सहसा पेट घेत नाही, आणि भरण्या-रिकामे करण्याच्या फेऱ्याही जास्त देते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४६-४७ अंशांवर चढतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तेव्हा आपल्याकडे लोह-फॉस्फेटची निवड करावी. त्याबरोबर हेही विचारा, की बॅटरी थंड ठेवायला आत पाण्यासारखा द्रव फिरतो की नुसत्या वाऱ्यावर भागवले आहे. द्रव फिरणारी बरी.

उन्हाचे पथ्य घेणाऱ्यालाही पाळावे लागते. गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावावी. भर दुपारी लांबून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये; बैलालासुद्धा आपण घाम सुकल्याशिवाय पाणी दाखवत नाही. रात्री, गार वाऱ्यात चार्ज करावे. जलद चार्जिंग म्हणजे तासाभरात ऐंशी टक्के भरणारे मोठे यंत्र. ते प्रवासात ठीक, रोजची सवय नको. निकेलच्या बॅटरीला रोज काठोकाठ भरू नये, ऐंशीपर्यंत पुरे. लोह-फॉस्फेटला मात्र आठ-पंधरा दिवसांतून एकदा शंभरपर्यंत भरावे लागते, म्हणजे आतले सगळे घट सारखे राहतात आणि काटा खरे बोलतो.

चार्जिंगचा प्रश्न किती कळीचा आहे, हे आपल्या विदर्भानेच देशाला दाखवले. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवरच्या टॅक्सी, रिक्षा आणि बस यांचा दोनशे वाहनांचा प्रयोग सुरू झाला. भारतातला तो तशा प्रकारचा पहिला प्रयोग. गाड्या चालल्या, पण चार्जिंगची ठिकाणे थोडी आणि वाहने जास्त. टॅक्सी चालकांना रांगेत तासन् तास काढावे लागले, आणि रोजची कमाई रांगेत गेल्याच्या तक्रारी वर्षभरातच वर्तमानपत्रांत आल्या. त्या वेळच्या बॅटऱ्या लहान होत्या हेही खरे. आता स्थिती सुधारली आहे. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची 'शिवाई' ही विजेवरची बस धावू लागली. तरी नागपूरचा धडा कायम आहे. ज्याला घरी चार्ज करता येते त्यानेच विजेची गाडी घ्यावी. वाटेवरच्या चार्जरच्या भरवशावर संसार मांडू नये. आणि त्या चार्जरची पाटी पाहून समाधान मानू नका. गाडी घेण्यापूर्वी एकदा जाऊन तो चालू आहे का, आपल्या गाडीला त्याचे टोक बसते का, रात्री कुलूप लागते का, हे पाहून या.

घरच्या चार्जिंगला सरकारी परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच खुलासा केला की गाडी चार्ज करणे म्हणजे वीज विकणे नव्हे. आपल्याच घरगुती जोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण ती जोडणी सोसणारी हवी. आपल्याकडे पुष्कळ घरांचा मंजूर भार एक किलोवॅटचाच असतो, आणि गाडी एकटी अडीच-तीन किलोवॅट ओढते. म्हणून महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा. मीटरपासून गाडीपर्यंत तांब्याची जाड वेगळी तार, १५ अँपिअरचे चांगले सॉकेट, त्याला स्वतःचा एम. सी. बी. आणि गळती होताच वीज तोडणारे आर. सी. सी. बी. हवे. अर्थिंग नव्याने करून घ्यावे. पंख्याच्या तारेवरून लांबवलेल्या बोर्डावर गाडी लावणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी. गोठ्यात, धानाच्या तणशीजवळ चार्जिंग करू नये. संध्याकाळी वीजदाब फार उतरत असेल तर गाडीचा चार्जर आपण होऊन बंद पडतो. अशा गावी मध्यरात्रीनंतरची वेळ लावून ठेवावी. आणि एक ताकीद: शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ती सवलतीची वीज पंपासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दंड बसतो.

आता पैशाचा हिशेब. मीटरवरून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही; थोडी चार्जरमध्ये तापून जाते. म्हणून मीटरच्या एका युनिटाला ६ किलोमीटर धरू. समजा युनिट बारा रुपयांना पडते. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि लहान गाडी लिटरला साडेसतरा किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. वाचले चार. आपले आकडे आपण घाला, रीत हीच.

गुरुजींची शाळा वर्षाला २२० दिवस धरली तर ९,६८० किलोमीटर झाले. बाकीची धावपळ धरून साडेबारा हजार धरू. वर्षाला पन्नास हजार रुपये वाचले. विजेची गाडी त्याच मापाच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा समजा तीन लाखांनी महाग पडली, तर सहा वर्षांत ते पैसे फिटतात आणि पुढे नफा. आता दुसरे उदाहरण घ्या. सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. बाजार, बँक, देऊळ, महिन्याला तीनशे किलोमीटर. त्यांचे वर्षाला वाचतील चौदा हजार चारशे. तीन लाख फिटायला वीस वर्षांहून जास्त लागतील. तोवर बॅटरीही राहणार नाही आणि गाडीही. म्हणून लक्षात ठेवा: विजेची गाडी घेताना महाग असते आणि चालताना स्वस्त. जो फार चालतो त्यालाच ती स्वस्त. थोडे चालणाऱ्याने आवडीसाठी घेतली तर हरकत नाही, पण बचतीच्या नावाने घेऊ नये.

ह्या हिशेबात एक खाच आहे. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. गुरुजींच्या गाडीला महिन्याला सुमारे पावणेदोनशे युनिटे लागतील. घरचा वापर १२० असेल तर बेरीज तीनशेच्या आत कशीबशी बसते. उन्हाळ्यात कूलर लागले की ती वर जाते आणि वरची युनिटे महाग पडतात. तेव्हा आपले वर्षभराचे वीजबिल पुढ्यात घेऊनच गणित करावे. छपरावर सौर पत्रे असतील तर गोष्ट वेगळी. आपल्या भागात एक किलोवॅटच्या पत्र्यांतून महिन्याला सुमारे १२० युनिटे निघतात. म्हणजे दीड किलोवॅटमध्ये गुरुजींची गाडी चालते. छपरावरच्या सौर संचाला अनुदान देणारी केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. विजेच्या वाहनांवरचा जी. एस. टी. ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्क्यांवर आणला गेला, आणि महाराष्ट्राच्या मे २०२५ च्या धोरणाने विजेच्या वाहनांना मोटार वाहन करातून सूट दिली. सवलती बदलत राहतात. पावती करण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम विचारावा.

२०२४ सालापासून आणखी एक पर्याय निघाला आहे. गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने. सुरुवातीची किंमत बरीच उतरते, आणि पुढे प्रत्येक किलोमीटरमागे अडीच-तीन रुपये भाडे द्यावे लागते. ऐकायला गोड आहे. पण तीन रुपये भाडे आणि दोन रुपये वीज मिळून पाच झाले. पेट्रोलच्या सहापासून फार लांब नाही. महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल, ही अटही कागदावर असते. सुट्टीत गाडी उभी राहिली तरी भाडे चालू. ज्याच्या हाती आज एकरकमी पैसे नाहीत आणि रोजची धाव बांधलेली आहे, त्याला हा मार्ग चालेल. बैल अर्ध्या वाट्याने घ्यावा तसा हा व्यवहार. करार वाचून करावा.

आता तिसरा प्रश्न, जुन्या गाडीचा. बंडी आपली जुनीच, बैल तेवढे नवे, असा हा विचार. करतात काय? इंजिन, पेट्रोलची टाकी, धुराडे काढून टाकतात. त्या जागी विजेची मोटर, तिला हुकूम सोडणारा नियंत्रक, बॅटरी आणि चार्जर बसवतात. पुणे, ठाणे, हैदराबाद येथे असे संच तयार करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. ठाण्याच्या गोगोए१ या संस्थेचा हीरो स्प्लेंडर मोटरसायकलीचा संच २०२१ साली गाजला. ३५ हजार रुपयांत मोटरसायकल विजेवर, असे लोकांनी ऐकले. पण त्या ३५ हजारांत बॅटरी नव्हती. ती आणि कर धरला की रक्कम लाखाच्या जवळ गेली. संचाची किंमत ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारा: ह्यात बॅटरी आहे का, आणि किती युनिटांची?

चारचाकीचा संच बॅटरीसह चार ते सहा लाखांच्या घरात जातो. तुमची जुनी गाडी दीड लाखाची आहे, तिच्यात पाच लाख घातले, साडेसहा झाले. बॅटरी किती मोठी मिळाली? बहुधा पंधरा युनिटांच्या आसपास, कारण जुन्या सांगाड्यात जागाही नाही आणि वजन पेलायची ताकदही नाही. आता आपला नियम लावून पाहा. पंधरातून आठ राखीव काढली, राहिली सात, म्हणजे ४९ किलोमीटर. गुरुजींची शाळा कशीबशी होईल, चंद्रपूरची फेरी नाही. उलट नव्या लहान विजेच्या गाड्यांच्या किमती सात-आठ लाखांपासून सुरू होतात. त्यांच्या बॅटरीला बहुधा आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी असते, आणि सांगाडा, ब्रेक, स्प्रिंगा सगळे नवे. म्हणून घरच्या चारचाकीला आज तरी बदलाचा सौदा फायद्याचा दिसत नाही. बंडीचा आख जुना असला तर नवे बैल जुंपून काय होणार?

मग हा पर्याय कोणाला? ज्याचा रस्ता रोज तोच आणि आखूड आहे त्याला. दूध गोळा करणारा, बाजारहाटाला माल नेणारा लहान टेम्पो, गावातल्या गावात फिरणारी तीनचाकी, शाळा-घर एवढेच करणारी मोटरसायकल. त्यांनीही कायदा सांभाळावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. संच मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेने तपासलेला हवा, पुण्याची ए. आर. ए. आय. ही १९६६ सालापासूनची संस्था त्यांपैकी एक. मान्यता तुमच्या गाडीच्या नेमक्या नमुन्यासाठी आहे ना, ते पाहावे. बसवणारा कारागीर त्या संस्थेने नेमलेला हवा. आणि शेवटी परिवहन कार्यालयात जाऊन गाडीच्या नोंदणी पुस्तकात पेट्रोलच्या जागी विजेची नोंद करून घ्यावी, विमा कंपनीला कळवावे. ही नोंद नसेल आणि अपघात झाला तर विमा हात वर करील. गावातला हुशार मिस्त्री इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या लावून गाडी चालवून दाखवतो. त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे, पण त्यात बायकापोरांना बसवू नये.

सेकंडहँड विजेची गाडी घेणाऱ्यांना दोन शब्द. किती वर्षे झाली यापेक्षा बॅटरीत किती जीव उरला ते पाहा. कंपनीच्या कार्यशाळेत यंत्र लावून त्याचा दाखला मिळतो. हमीची किती वर्षे शिल्लक आहेत आणि ती नव्या मालकाच्या नावावर चढते का, ते लेखी घ्या. शंभर टक्के भरून, मालकाला शेजारी बसवून पन्नास किलोमीटर चालवा आणि काटा किती उतरला ते टिपा. ही बैलाची चाल पाहण्याची रीत झाली.

काही बारीकसारीक पण मोलाच्या गोष्टी. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. आष्टी-आलापल्लीकडे लोहखनिजाच्या जड ट्रकांनी रस्त्याची काय दशा होते ते आपण पाहतो. म्हणून गाडी जमिनीपासून पुरेशी उंच घ्यावी आणि पोटाला दगड लागला तर तपासून घ्यावी. बॅटरीची पेटी सहसा अर्धा तास मीटरभर पाण्यात टिकेल अशी बांधतात, पण ते नाल्याच्या पुरात गाडी घालण्याचे आमंत्रण नव्हे. गाडी बंद पडली तर दोरीने ओढून नेऊ नये. पाठीवर घेणारा ट्रक बोलवावा. आणि दुरुस्तीची जागा कुठे, चंद्रपूरला की नागपूरला, हे आधी विचारून ठेवावे.

आता कोणी म्हणेल, वीज तरी कुठून येते? आपल्या दुर्गापूरच्या औष्णिक केंद्रातूनच ना? तिथे २,९२० मेगावॅटची क्षमता आहे आणि ती कोळशावर. मग धूर रस्त्यावरून उचलून धुराड्यात नेला, एवढेच झाले. ही शंका रास्त आहे, आणि चंद्रपूरकराला तर ती विचारण्याचा पहिला हक्क. उत्तर असे, की पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत नेते. बाकी उष्णता होऊन जाते. विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकाला देते. शिवाय कोळशाच्या जागी सौर वीज आली की तीच गाडी काही न बदलता स्वच्छ होते. पण गाडी घेतल्याने चंद्रपूरची हवा लगेच निवळेल, असे मात्र मी सांगणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात हा गणिताचा पाठ करून पाहा. मुलांना सांगा, सात दिवस घरातले कोण कुठे किती किलोमीटर गेले ते वहीत लिहून आणा, आणि घरचे वीजबिलही आणा. मग फळ्यावर मांडा: रोजची वाट किती, राखीव किती, बॅटरी केवढी, किलोमीटरला खर्च किती. गुणाकार, भागाकार, टक्केवारी सगळे त्यात येते. ती वही घरी गेली की बापही ती वाचील. विक्रेत्यासमोर बसताना त्याच्या हातात जाहिरातीचा कागद नसेल, स्वतःच्या पोराने मोजलेली स्वतःची वाट असेल.

आणि गाडी घेतलीत, तर रोज रात्री झोपण्यापूर्वी एकदा काटा पाहा. चंद्रपूरपुरती वीज आहे ना? असेल तर निश्चिंत झोपा.